सहा वाजेपर्यंत बंद

"एकशे चौदा नंबरचा माणूस कोण आहे?" नानांनी विचारलं.

"माहीत नाही. नावं काढून टाकलीत. नुसते नंबर."

"बाई की बाप्या?"

"नाना, ते बघायचं नाहीये. दोन वेळा जुळतात का, तेवढंच बघा."

"तेच बघतोय. ह्याची जुळत नाही."

जानेवारीतला रविवार होता, सकाळचे दहा. चिंचवडच्या आमच्या घरात डायनिंग टेबलावर पोह्यांच्या बशा बाजूला सारून नाना, माझे वडील, माझ्या ऑफिसचे कागद तपासत होते. लाल पेन्सिल कानामागे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. रिटायर होऊन सोळा वर्षं झाली होती, पण समोर तक्ता आला की पाठ आपोआप ताठ व्हायची. करमणूक कर निरीक्षक म्हणून बत्तीस वर्षं त्यांनी तीन जिल्ह्यांत थिएटरं, तंबूतले सिनेमे, सर्कशी, व्हिडिओ पार्लरं तपासली होती. केबलवाले आले तेव्हा गच्च्यांवर चढून वायरी मोजल्या होत्या. कुठल्याच ठिकाणी चहा घेतला नाही. पाण्याची बाटलीसुद्धा घरून न्यायचे.

आणि मी काम करत होते ऑनलाइन जुगाराच्या कंपनीत. आमची गिऱ्हाइकं सगळी परदेशात, परवाना भूमध्य समुद्रातल्या एका बेटाचा, आणि त्या परवान्याची कागदपत्रं सांभाळणारं साठ माणसांचं ऑफिस पुण्यात. मी त्यातली कंप्लायन्सची प्रमुख. म्हणजे कंपनी नियमाप्रमाणे चालली आहे, हे सहीनिशी सांगणारी बाई.

"आम्ही जत्रेतल्या रिंगवाल्याला पकडायचो," नाना म्हणायचे, "तू त्याला सर्टिफिकेट देतेस."

"तुम्ही पकडून सोडून द्यायचात. मी त्याला रिंगा मोठ्या करायला लावते."

"असं? मग लोक जिंकत असतील."

"नाही जिंकत."

"मग रिंगा कसल्या मोठ्या केल्यास, हर्षे!"

दुसऱ्या दिवशी, सोमवारी अकराला, बेटावरच्या परवाना कार्यालयातून झाम्मितबाई तपासणीला येणार होत्या. त्यांच्यापुढे मला एक प्रतिज्ञापत्र ठेवायचं होतं, की गेल्या वर्षभरात आमच्याकडून एकही नियमभंग झालेला नाही. ते खोटं निघालं तर माझं नाव असं काळं झालं असतं, की त्या धंद्यात जगात कुठेही मला कोणी उभं केलं नसतं. आणि नियमभंग झालाय असं आपणच सांगितलं, तर परवाना अडकायचा. परवाना अडकला की साठ माणसं घरी. प्रतिज्ञापत्र छापून तयार होतं, फ्रिजवर, केळ्यांखाली.

नानांना दिलेला तक्ता त्यातल्याच एका नियमाचा होता. जुगार खेळणाऱ्याला स्वतःवर बंदी घालून घेता येते. 'मला चोवीस तास आत घेऊ नका' असं बटण दाबलं की त्याला पडद्यावर चिठ्ठी येते, 'तुमचं खातं उद्या अमुक वाजेपर्यंत बंद राहील.' तेवढा वेळ त्यानं कितीही दार वाजवलं तरी उघडायचं नाही. वर्षभरातल्या अशा दोनशे नोंदी मी नमुना म्हणून काढल्या होत्या. चिठ्ठीवरची वेळ एका रकान्यात, दार खरोखर उघडलं ती वेळ दुसऱ्यात. मशीननं तपासून झाल्या होत्या. घरी आणल्या होत्या त्या नानांना रविवारचा विरंगुळा म्हणून. नाही तर ते सोसायटीच्या पाणीपट्टीच्या मागे लागले असते.

"इकडे ये," ते म्हणाले. आवाज बदलला होता. "एकशे चौदा. चिठ्ठी सहाची. दार उघडलं पाचला. एकशे पंधरा, चिठ्ठी साडेसातची, दार साडेसहाला. असे सात आहेत. सातही जणांनी एकाच शनिवारी बंद केलंय. बाकीचे एकशे त्र्याण्णव मिनिटाला मिनिट बरोबर."

मी शनिवारची तारीख पाहिली. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार.

"अरे देवा," मी म्हणाले.

"काय झालं?"

"घड्याळं मागे गेली."

"कुणाची?"

मग मला त्यांना समजावावं लागलं, की तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे पुन्हा मागे घेतात. तीन वाजले की परत दोन वाजवतात. म्हणजे तो रविवार पंचवीस तासांचा. शनिवारी संध्याकाळी सहाला बंद केलेलं खातं रविवारी सहाला उघडायचं तर मध्ये पंचवीस तास जातात. आमच्या मशीननं चोवीस मोजले आणि पाचलाच दार उघडलं. पुण्यात बसून प्रणाली लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या, सही करणाऱ्या आम्ही कोणीही आयुष्यात कधी घड्याळ मागे घेतलेलं नव्हतं.

 नानांचे खांदे हलायला लागले.

"अख्खा देश," ते कसेबसे म्हणाले, "पहाटे उठून... घड्याळाचे काटे..."

"उठून नाही हो, आपोआप होतं."

"आणि कोंबडे? कोंबड्यांना कोण कळवतं?"

मी तन्मयला फोन लावला. तन्मय घैसास आमच्या ऑफिसचा प्रमुख, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, आणि सोमवारच्या धास्तीनं दोन दिवस उपाशी. फोन स्पीकरवर होता.

"हर्षदा, नियम काय म्हणतो? चोवीस तास. चोवीस झाले की नाही? झाले. मग भंग कुठंय? सही कर आणि झोप."

नानांनी लाल पेन्सिल हवेत नाचवली आणि आवाज न करता नुसत्या ओठांनी म्हणाले, 'तिकिटावर काय लिहिलंय?'

"पण चिठ्ठीवर सहा वाजेपर्यंत असं लिहिलं होतं," मी म्हणाले.

"कोण वाचतं चिठ्ठी!"

"ज्यानं स्वतःला कोंडून घेतलंय तो," नाना मोठ्यानं म्हणाले.

"कोण आहे तिकडे?" तन्मयनं विचारलं.

"टीव्ही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मला तन्मयचं पटत होतं, असं नाही. पण पटावं असं फार वाटत होतं. चोवीस तास म्हणजे चोवीस तास. मी तसं नानांना म्हणाले. ते उठले, आत जाऊन गजराचं घड्याळ घेऊन आले, त्यात पाच वाजवले आणि भिंतीवरचं घड्याळ काढून सहावर करून माझ्या हातात दिलं.

"हे तुझं, कंपनीचं. हे माझं, गिऱ्हाइकाचं. मी बाहेर जातो. मी काल तुला सांगितलंय, सहापर्यंत आत घेऊ नकोस. तुझ्या घड्याळात सहा वाजले की दार उघड."

"वाजलेलेच आहेत."

"मग दोन मिनिटांनी उघड. मला बाहेर जाऊ तर दे!"

ते चप्पल न घालताच बाहेर गेले. मी दार लावलं, भिंतीवरचं घड्याळ पोटाशी धरून उभी राहिले आणि मला एकदम इतकं हसू यायला लागलं, की मी दाराला टेकले. दार उघडलं. बाहेर चौथ्या मजल्याच्या जिन्यावर माझे चौऱ्याहत्तर वर्षांचे वडील गजराचं घड्याळ छातीशी घेऊन भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"या साहेब," मी म्हणाले. "तुमचे चोवीस तास भरले."

"नाही भरले! माझ्या घड्याळात पाच वाजलेत. दार लाव!"

"आत सगळे खेळ चालू आहेत, साहेब."

"अगं, मी जुगारी आहे! माझा स्वतःवर भरवसा नाही. मी काल तुझ्या पाया पडून सांगितलं होतं ना, सहापर्यंत आत घेऊ नकोस? पाच ते सहा हीच माझी वाईट वेळ!"

"या ना, या. पहिला डाव कंपनीकडून."

"असंसुद्धा म्हणता तुम्ही?" नानांनी एकदम स्वतःच्या आवाजात विचारलं.

"हो."

"नालायक आहात." आणि पुन्हा भिंतीकडे वळून, "दार लाव! मला आत घेऊ नकोस!"

समोरच्या दारात वाळिंबेकाकू कधी आल्या होत्या कोण जाणे. हातात मेथीची जुडी होती, निम्मी निवडलेली.

"काय हो नाना," त्या म्हणाल्या, "लेकीनं घराबाहेर काढलं की काय?"

"तिनं नाही. मीच मला काढलंय. ती आत ओढतेय."

"हर्षदा, आत काय चालू आहे गं?"

 मी उंबऱ्यावर बसूनच घेतलं. नानांना उभं राहवेना म्हणून ते कठड्याला धरून हसत होते, तेवढ्यात गजराचं घड्याळ वाजायला लागलं आणि ते काही केल्या बंद होईना. वाळिंबेकाकूंनी ते त्यांच्या हातातून घेतलं, मागचं बटण दाबलं आणि परत दिलं.

मग आम्ही दोघांनी एकमेकांची वाक्यं तोडत त्यांना सगळं सांगितलं. काकू मेथी निवडत ऐकत होत्या.

"म्हणजे तो बिचारा तिकडे कुणाचं घड्याळ बघत बसला होता?" त्यांनी विचारलं. "तुमच्या मशीनचं, का स्वतःच्या घरातलं?"

"स्वतःच्या घरातलं," मी म्हणाले.

"मग झालं की. त्यात काय एवढं?" आणि आत जाता जाता, "जुगार म्हणे! पोळ्या टाकायच्यात मला."

दार लावून आम्ही आत आलो. नाना पुन्हा तक्त्यावर वाकले. अजून मधूनच हसत होते, पण बोट एकशे चौदावर होतं. पुढच्या दोन रकान्यांतल्या वेळा त्यांनी मला वाचायला लावल्या. त्या माणसानं, किंवा बाईनं, पाच वाजून नऊ मिनिटांनी खातं उघडून पाहिलं होतं. उघडलं. पावणेसहाला खात्यात काहीच उरलेलं नव्हतं.

"सहा वाजायच्या आतच आटोपलं," नाना म्हणाले. "बघायला आला असेल नुसता, बंद आहे ना म्हणून."

मी फ्रिजवरचं प्रतिज्ञापत्र काढलं, केळी बाजूला ठेवली आणि कागद मधोमध फाडला. हे फार धीराचं वाटेल, तसं नव्हतं. फाडल्यावर मला जे वाटलं ते शाळेची परीक्षा संपून बाहेर पडल्यावर वाटायचं तसं होतं. हलकं, थोडंसं वेड लागल्यासारखं.

"आता लिही," नाना म्हणाले. "मी सांगतो. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की..."

"इंग्रजीत लिहायचंय, नाना."

"मग तू इंग्रजी कर. सविनय ठेव मात्र. सबब, सदर प्रकरणी आमच्याकडून अनवधानाने..."

"अनवधानाने नको. सगळे अनवधानानेच म्हणतात."

"बरोबर. मीसुद्धा ते वाचलं की संशय घ्यायचो. खोड."

दुपारचं जेवण चारला झालं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोन पानं केली. चूक काय, कशी झाली, सात जणांना काय द्यायचं, घड्याळ बदलण्याच्या दिवशी पुढे काय करायचं. मध्येच एकाला आठवायचं आणि तो नुसतं 'कोंबडे' म्हणायचा, की दुसऱ्याचं लिहिणं थांबायचं. आई गेल्यापासूनच्या आठ वर्षांत त्या घरात इतकं हसणं झालं नव्हतं.

शेवटी 'त्रुटी कोणी शोधली' असा रकाना होता. मी पेन उचललं.

"माझं नाव नको," नाना म्हणाले.

"का?"

"कंपनीचे कागद तू घरी आणून बाहेरच्या माणसाला दाखवलेस. हा दुसरा भंग. एकाची कबुली देतेस तेवढी पुरे. अंतर्गत तपासणीत आढळले, असं लिही."

मी तसं लिहिलं. मला बरंही वाटलं. का बरं वाटलं, ते तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

सोमवारी सकाळी सव्वासातला नाना खाली फिरायला गेले. फेरी झाली की सोसायटीच्या नोटीस बोर्डासमोरच्या बाकावर बसून सगळ्या नोटिसा ते रोज वाचायचे, जुन्यासुद्धा. त्या दिवशीही तिथेच बसले होते. वॉचमनला वाटलं, वाचतायत. पाऊण तास त्याला तसंच वाटलं.

तपासणी पुढे ढकलली. झाम्मितबाईंना बेटावर परत जावं लागलं, म्हणून सोळा दिवसांनी ती पडद्यावर झाली. ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये तन्मय आणि मी शेजारी बसलो होतो. दोन पानं तन्मयनं वाचली होती आणि तेराव्यानंतर भेटायला आला तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "पाठव. जे होईल ते होईल." त्याबद्दल मी त्याला मनातून पुष्कळ माफ केलं आहे.

झाम्मितबाई साठीच्या होत्या, केस बारीक कापलेले, समोर कागद आणि चक्क पेन्सिल. त्यांनी दोन्ही पानं सावकाश पुन्हा वाचली.

"आमच्या बेटावर बारा कंपन्यांमध्ये ही चूक असणार," त्या म्हणाल्या. "कळवणारी तुमची पहिली. आम्हालाही दिसली नव्हती. कोणी शोधली?"

"आमच्या अंतर्गत टीमनं," तन्मय म्हणाला.

"म्हणजे कोणी? मला माणसाचं नाव लागेल."

तन्मयनं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, मीच शोधली आणि भिडेखातर बोलत नाही.

"हर्षदानं," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "माझ्या वडिलांनी."

"ते तुमच्या कंपनीत आहेत?"

"नाही."

"म्हणजे खेळणाऱ्यांच्या नोंदी तुम्ही बाहेरच्या व्यक्तीला दाखवल्यात."

"हो. नावं काढलेली होती. तरीही, हो."

तन्मयनं टेबलाखालून माझ्या चपलेवर बूट ठेवला. पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. कंपनीला दंड झाला, परवाना राहिला, साठ माणसं राहिली. मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या फाइलीत आहे आणि अजूनही प्रत्येक नवीन नोकरीत मला ती दाखवावी लागते.

"हे वेगळं लिहून द्यावं लागेल," झाम्मितबाई म्हणाल्या.

"देते."

"त्यांचं नाव?"

"भालचंद्र खैरमोडे."

"व्यवसाय?"

मी सातवीत असताना आम्ही कराडला होतो. माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलीच्या वडिलांचं थिएटर होतं. एकाच नंबरची तिकिटं दोनदा विकताना नानांनी त्यांना पकडलं आणि थिएटरला सील ठोकलं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी दप्तर उचलून दुसऱ्या बाकावर गेली, आणि मधल्या सुट्टीत वर्गानं मला नाव पाडलं ते वर्षभर पुरलं. त्यानंतर 'वडील काय करतात' ह्याला माझं एकच उत्तर असायचं, कलेक्टर कचेरीत असतात. ते खोटं नव्हतं. त्यांचं खातं कचेरीतच होतं. शाळेत तेच, मैत्रिणींत तेच, नोकरीच्या मुलाखतीत तेच. कॉलेजच्या प्रवेशाला नाना माझ्याबरोबर आले होते. प्राचार्यांनी विचारलं, कचेरीत म्हणजे कशात? मी गप्प. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हसून म्हणाले, "आहे आपला, आवक-जावक बघतो." बत्तीस वर्षं कुणाचा चहा न घेतलेल्या माणसानं माझ्यासाठी स्वतःला एका वाक्यात कारकून करून टाकलं. घरी येताना त्यांनी मला उसाचा रस पाजला. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही.

"व्यवसाय?" झाम्मितबाईंनी पुन्हा विचारलं. "नसेल सांगायचा तर 'निवृत्त सरकारी नोकर' लिहिते. चालेल."

"नाही, चालणार नाही," मी म्हणाले. आवाज मोठा झाला असावा. काचेपलीकडच्या दोघांनी मान वर केली.

"मला त्यांच्याशी दोन मिनिटं बोलता येईल का?" झाम्मितबाईंनी विचारलं.

"नाही. सोळा दिवसांपूर्वी ते वारले. तपासणी त्यामुळेच पुढे गेली."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. तन्मयचा बूट माझ्या चपलेवरून निघाला.

"लिहून घ्या," मी म्हणाले. आधी इंग्रजीत म्हणाले, मग मराठीत, कारण इंग्रजीत ते पुरेसं होईना. "माझे वडील निरीक्षक होते. करमणूक कर निरीक्षक. बत्तीस वर्षं. मी हे आजपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. माझे वडील निरीक्षक होते."